वळणाची चाळण



या व्यासपीठावरून आपण संतांविषयी ऐकलं, नाटकाविषयी ऐकलं, ग्वाल्हेरच्या गाण्याविषयी तर दर दोन-तीन वर्षांनी ऐकतोच. राजकवी तांब्यांच्या या गावात कवितेला श्रोता कधी कमी पडला नाही. अशा ठिकाणी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला बोलावलंत, म्हणून आधी मंडळाचे आभार मानतो आणि मग तुमची क्षमा मागतो. क्षमा अशासाठी, की आजच्या विषयाचं नाव जड आहे : अतिसूक्ष्म कणांना वळणदार नळ्यांतून वाहवून त्यांच्या आकारमानानुसार वेगळं करणं. पण नावाला घाबरू नका. हा विषय तुमच्या स्वयंपाकघरात आहे, नदीच्या काठावर आहे आणि शेवटी तुमच्या-माझ्या रक्तात आहे.

हे व्याख्यान पुढे छापलं जाईल. तेव्हा समोर बसलेल्यांना आणि घरी निवांतपणे वाचणाऱ्यांना एकच विनंती. मध्यावर आलो की एक कप चहा लागेल. बिनगाळलेला.

मी या विषयाकडे कसा वळलो ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला खोकताना रक्त पडलं. फुफ्फुसात गाठ निघाली. गाठ कसली आहे हे ठरवायचं तर सुई घालून तिचा तुकडा काढावा लागतो. पहिल्या वेळी तुकडा अपुरा निघाला. दुसऱ्यांदा सुई घालावी लागली. दोन्हींच्या मध्ये तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांतल्या एका संध्याकाळी ओसरीवर बसल्या बसल्या दादा मला म्हणाला, "अरे, तू एवढा सायन्सचा मास्तर. ही गाठ माझ्याच अंगातली ना? मग तिच्यातलं काही रक्तात येत नसेल? येत असेल तर ते रक्तातूनच काढायला काय झालं? सुया कशाला खुपसतात?" मी म्हटलं, "दादा, तसं नसतं."

मी चुकीचं बोललो होतो. तसं असतं. मला ठाऊक नव्हतं, एवढंच. दादा आता नाही. त्याला दिलेलं उत्तर दुरुस्त करायचं राहून गेलं, ते आज तुमच्यासमोर करतो आहे.

दादाचा अंदाज बरोबर होता, आणि तो नवाही नव्हता. १८६९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस अॅशवर्थ नावाच्या डॉक्टरला कर्करोगाने मरण पावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात काही वेगळ्याच पेशी दिसल्या. त्या रुग्णाच्या गाठींमधल्या पेशींसारख्याच त्या दिसत होत्या. म्हणजे गाठ एका जागी बसून राहत नाही. तिच्यातल्या काही पेशी सुटतात, रक्तात उतरतात आणि प्रवासाला निघतात. त्यांतलीच एखादी दूर कुठेतरी यकृतात, हाडात, मेंदूत मुक्काम ठोकते आणि तिथे नवी गाठ धरते. कर्करोगाने जे मृत्यू होतात, त्यांत पहिल्या गाठीपेक्षा या पसरण्याचाच हात मोठा असतो.

मग त्या पेशी रक्तातून वेचून का काढत नाहीत? कारण हिशेब ऐका. एक मिलिलिटर रक्त म्हणजे साधारण वीस थेंब. त्यात तांबड्या पेशी असतात सुमारे ५०० कोटी. पांढऱ्या पेशी असतात साधारण चाळीस लाखांपासून एक कोटीपर्यंत. आणि रोग पसरलेल्या माणसाच्याही रक्तात गाठीतून सुटलेल्या पेशी पुष्कळदा मोजक्या दहा-पाच, कधी एक, कधी एकही नाही. सगळ्या पृथ्वीवरच्या निम्म्याहून अधिक माणसांएवढ्या गर्दीत चार-पाच जण शोधायचे, तेही त्यांना इजा न होता जिवंत हाती लागले पाहिजेत, असा हा मामला आहे.

आता तुम्ही म्हणाल, त्या पेशी मोठ्या असतात ना? असतात. पुष्कळ असतात. तांबडी पेशी ६ ते ८ मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. गाठीतून सुटलेली पेशी बहुधा १५ ते २५ मायक्रॉनची. मग चाळा की! आपल्या घरी रवा आणि मैदा वेगळा करायचा तर चाळणीच घेतो ना?

चाळणीचे दोन दोष मात्र घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहेत. एक, चाळणी बुजते. रव्यातला एकेक दाणा भोकात अडकतो, आपण चाळणीला कडेने टपली मारतो. इथे भोकं काही मायक्रॉनची आणि येणारे दाणे अब्जावधी. टपली कोण आणि किती मारणार? दुसरा दोष असा, की पेशी म्हणजे रव्याचा टणक दाणा नाही. ती मऊ आहे. मागून दाब आला की अंग चोरून भोकातून निसटते, किंवा फाटते. फाटलेली पेशी डॉक्टरांच्या काय कामाची?

पण आपल्या आजीकडे चाळणीशिवाय दुसरीही विद्या होती. सूप होतं. सुपाला भोकं नसतात. पाखडताना हाताच्या हिसक्याने आणि वाऱ्याने फोल पुढे उडतं, दाणा मागे राहतो. आणि तिसरी विद्या रोळण्याची. डाळ पाण्यात घेऊन पातेलं गोल गोल हलवायचं, वरची डाळ हळूच दुसऱ्या भांड्यात वाहू द्यायची, खडे खाली उरतात. सराफ्याच्या गल्लीत सोनाराच्या दुकानापुढची माती गोळा करून धुणारे लोक तुमच्यातल्या काहींनी पाहिले असतील. इकडे त्यांना न्यारिये म्हणतात, आपल्या जुन्या मराठीत झारेकरी. परातीत माती आणि पाणी घेऊन ते गोल फिरवत, आणि शेवटी तळाशी सोन्याचे चार कण चमकत. भोक नाही, जाळी नाही. फक्त फिरतं पाणी. आजच्या विषयाचं बीज तिथे आहे.

आता तो चहा घ्या. चमच्याने गोल ढवळा आणि चमचा बाहेर काढा. पत्ती पाण्याहून थोडी जड, म्हणून तळाशी बसते. पाणी गोल फिरत आहे, तेव्हा गोल फिरणारी जड वस्तू बाहेर फेकली जावी, नाही का? नॅरोगेजच्या गाडीत बसून श्योपुरकडे गेलेल्यांना आठवत असेल, वळण आलं की अंग बाहेरच्या बाजूला झुकायचं. मग पत्ती कपाच्या कडेला जायला हवी. पण बघा, ती मध्यभागी गोळा होते. आपण रोज बघतो आणि कधी विचारत नाही. आइन्स्टाइनने विचारलं. १९२६ साली त्याने नद्या वाकड्या का वाहतात यावर एक छोटा लेख लिहिला आणि त्यात हाच चहाचा कप दाखला म्हणून घेतला.

कारण असं. फिरणारं पाणी बाहेर सरकू पाहतं, म्हणून कपाच्या कडेला पाण्याचा दाब वाढतो आणि तो दाब पाण्याला आत ढकलत असतो. वरच्या थरात पाण्याचा वेग जास्त, त्यामुळे बाहेर जाण्याची ओढ जिंकते. तळाशी मात्र कपाच्या बुडाशी घासून पाणी मंदावलेलं असतं. तिथे बाहेरची ओढ कमी पडते आणि आतला दाब जिंकतो. परिणाम काय? वरचं पाणी बाहेर, कडेने खाली, तळातून आत, मध्यातून वर, असा एक आडवा फेरा मूळ फेऱ्याच्या पोटात सुरू होतो. तळाची पत्ती या पोटफेऱ्याबरोबर मध्यावर येते, आणि वर उचलली जाण्याइतकी हलकी नसल्यामुळे तिथेच राहते. या आडव्या फेऱ्याला शास्त्रात दुय्यम प्रवाह म्हणतात. आज रात्री बाकी सगळं विसरलात तरी हा पोटफेरा लक्षात ठेवा. पाणी वळलं की तो सुरू होतो.

नदीतही तेच. नदी वळली की वरचं स्वच्छ पाणी बाहेरच्या काठावर धडकतं, काठ खातं, खाली उतरतं आणि तळाची वाळू घेऊन आतल्या काठाकडे जातं. म्हणून नदीच्या वळणावर बाहेरची बाजू खोल आणि कोसळती, आतली बाजू उथळ आणि वाळूची. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. वळण तेवढं आपण नमस्कारापुरतं बघितलं. त्या वळणाचा उपयोग करून घेण्याची विद्याही मराठी मुलखातच वाढली, ती गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

पुण्याजवळ खडकवासल्याला पाण्याच्या संशोधनाचं एक केंद्र आहे. मुंबई सरकारने १९१६ साली ते काम सुरू केलं. खडकवासला हे नाव ग्वाल्हेरला परकं नाही. तिथल्या धरणावर १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारी दारं बसवली, आणि तसलीच दारं पुढे आपल्या तिघऱ्याच्या धरणासाठी आली. आज आपल्या नळाला जे पाणी येतं, त्याचा आणि खडकवासल्याचा असा जुना ऋणानुबंध आहे.

या केंद्रात क्लॉड इंग्लिस नावाचे इंजिनियर होते आणि त्यांच्याबरोबर डी. व्ही. जोगळेकर काम करत. जोगळेकर पुढे या केंद्राचे संचालक झाले. त्यांच्यापुढे आलेला एक प्रश्न ऐका. सिंधू नदीवर सक्करचा बंधारा १९३२ साली सुरू झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. बंधाऱ्याच्या दोन्ही काठांवरून कालवे निघत होते, डावीकडून चार आणि उजवीकडून तीन. थोड्याच वर्षांत उजवीकडच्या कालव्यांत वाळू भरू लागली. वाळू उपसत बसायचं तर खर्चाला अंत नाही, आणि नदीला चाळणी लावता येत नाही.

खडकवासल्याला त्यांनी सिंधूची लहान प्रतिकृती केली, तिच्यात पाणी सोडलं, वाळू सोडली आणि प्रयोग केले. उपाय निघाला तो चहाच्या कपातला. उजव्या काठाशी येणाऱ्या पाण्याला बांधकाम करून मुद्दाम असा बाक द्यायचा, की कालव्यांची तोंडं वळणाच्या बाहेरच्या बाजूला पडतील. मग वरचं कमी वाळूचं पाणी आपणहून कालव्याकडे येईल आणि तळाची वाळू आतल्या बाजूला वळून बंधाऱ्यातून पुढे निघून जाईल. भोक नाही, जाळी नाही, वळण तेवढं योग्य जागी. इंग्लिस यांनी नद्या आणि कालवे यांच्या वागणुकीवरचा आपला मोठा ग्रंथ १९४९ साली काढला, त्यात वळणाचं हे शास्त्र मांडलेलं आहे. एका वळणाने मोठं आणि लहान वेगळं करायचं, ही कल्पना प्रयोगशाळेतल्या काचपट्टीवर येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे कालव्यावर राबत होती.

आता नदीवरून केसाएवढ्या नळीत उतरू. इथे थोडं सावध व्हा, कारण लहान जगाचे नियम थोडे निराळे असतात. केसाएवढ्या नळीत पाणी खळखळत नाही. दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी सोडलं तर ते न मिसळता पुष्कळ अंतर जातं, गंगा-यमुनेसारखं. शिवाय रक्तातल्या पेशी जवळपास रक्तद्रवाइतक्याच वजनदार असतात. वाळूसारख्या त्या क्षणात तळाला जाऊन बसत नाहीत. मग नदीची युक्ती इथे जशीच्या तशी चालणार कशी?

त्यासाठी आणखी एक गोष्ट सापडावी लागली. १९६१ साली इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत सेग्रे आणि सिल्बरबर्ग या दोघांनी सरळ नळीतून बारीक गोळ्या मिसळलेलं द्रव सोडलं. गोळ्यांचं वजन द्रवाइतकंच ठेवलं होतं. त्या सगळीकडे सारख्या पसरून राहतील अशी अपेक्षा. पण काही अंतर गेल्यावर गोळ्या एका कड्यात गोळा झाल्या. मध्यावर नाहीत, काठाला नाहीत. मध्यापासून काठापर्यंतच्या अंतराच्या साधारण सहा दशांशावर. जणू कोणी तिथे रेघ आखून ठेवली होती.

याचंही कारण साधं आहे. नळीत मध्यावर पाणी वेगाने जातं, काठाशी घासून मंद जातं. कण मध्याच्या जरा बाजूला असला की त्याच्या एका अंगाला वेग जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. या फरकामुळे तो मध्यापासून काठाकडे ढकलला जातो. काठाजवळ गेला की काठ त्याला परत लोटतो. दोन धक्क्यांची जिथे बरोबरी होते तिथे तो ठरतो. भर सराफ्यात दुचाकी चालवताना आपण काय करतो? मधून मोटारी रेटतात, कडेला दुकानांच्या पायऱ्या. मग दोन्हींपासून सारखं अंतर राखून एक वाट आपोआप धरली जाते. तसंच.

आणि वळणाचा पोटफेरा? बंद नळीत तोही असतो. १९१० च्या सुमारास युस्टिस नावाच्या प्राध्यापकाने वाकड्या नळीत रंगाचे धागे सोडून तो डोळ्यांनी पाहिला होता. डब्ल्यू. आर. डीन या गणितज्ञाने १९२७ आणि १९२८ मध्ये त्याचं गणित मांडलं. बंद नळीला वर छत आणि खाली तळ, दोन्हीकडे घासणं आहे. म्हणून इथे एकाऐवजी दोन भोवरे होतात, एकावर एक. नळीच्या मधल्या थरातलं पाणी बाहेर जातं, वरून आणि खालून आत परततं. यांनाच डीनचे भोवरे म्हणतात.

आता ही दोन सूत्रं एकत्र बांधा. वळणदार नळीत प्रत्येक कणावर दोन हक्क सांगणारे असतात. एक तो धक्का, जो कणाला त्याच्या ठरलेल्या जागी नेऊन बसवू पाहतो. दुसरा भोवरा, जो त्याला आपल्याबरोबर फिरवू पाहतो. जिंकणार कोण, हे कणाच्या आकारावर ठरतं. भोवऱ्याचा ओढा कणाच्या व्यासाच्या प्रमाणात वाढतो. व्यास दुप्पट झाला तर ओढा दुप्पट. धक्का मात्र व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास दुप्पट झाला तर धक्का दोन दुणे चार, चार दुणे आठ, आठ दुणे सोळा, सोळापट! म्हणजे व्यास नुसता दुप्पट झाला, की धक्क्याचं पारडं भोवऱ्याच्या तुलनेत आठपटीने जड होतं. लहानसा फरक असा मोठा करून दाखवणारा तराजू निसर्गात फार थोड्या ठिकाणी सापडतो.

म्हणून असं होतं. मोठा कण आतल्या भिंतीजवळ येतो. तिथे भोवरा त्याला बाहेर ओढतो, धक्का आत ढकलतो, दोघांची बरोबरी होते आणि तो आतल्या भिंतीलगत एक ओळ धरून चालू लागतो. लहान कणावरचा धक्का इतका क्षीण असतो, की भोवरा त्याला आपल्याबरोबर फिरवतच राहतो. नळीची लांबी मोजून अशी ठेवायची, की लहान कण फेरा पुरा करून बाहेरच्या भिंतीजवळ आलेले असताना नळी संपेल. तिथे नळीला दोन फाटे. आतल्या फाट्यातून मोठे कण, बाहेरच्यातून लहान. कालव्याचं तोंड वळणाच्या कोणत्या बाजूला ठेवायचं, हा खडकवासल्याचाच प्रश्न केसाच्या मापाने सोडवला.

हे प्रत्यक्षात आलं ते गेल्या वीसेक वर्षांत. २००७ साली अमेरिकेत डिनो डी कार्लो, मेहमेट टोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागमोडी नळ्यांत कण ओळीने लावून दाखवले. पुढच्याच वर्षी सिनसिनाटी विद्यापीठात अली असगर भगत, इयान पापॉट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्याने डासांच्या उदबत्तीसारखी पाच वेढ्यांची नळी केली आणि तीतून ७.३ मायक्रॉनचे आणि १.९ मायक्रॉनचे कण पूर्ण वेगळे काढले. नळी म्हणजे खरी नळी नव्हे. पारदर्शक रबरासारख्या पदार्थात उठवलेली चर आणि तिच्यावर चिकटवलेली काच. सगळा पसारा तळहातावर मावतो. रक्तासाठी केलेल्या एका रचनेत चराची रुंदी अर्धा मिलिमीटर आणि उंची तिच्या साधारण एक तृतीयांश होती. २०१३-१४ मध्ये सिंगापूर आणि अमेरिकेतल्या गटांनी अशा चरांतून रुग्णांच्या रक्तातल्या कर्करोगाच्या पेशी वेगळ्या केल्या. त्यांतल्या एका रचनेत ७.५ मिलिलिटर रक्ताचं काम ८ मिनिटांत उरकत होतं. आधी तांबड्या पेशी औषधाने विरघळवून घेतात, मग उरलेलं सोडतात. बुजायला भोक नाही. पेशीला कुठलाही रंग किंवा चुंबक चिकटवावा लागत नाही. ती जिवंत बाहेर येते आणि पुढे तिच्यावर कोणतं औषध चालेल ते पाहता येतं.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. गाठीतलं काही रक्तात येतं. ते काढता येतं. आणि ते काढायला वळण पुरतं.

पण मास्तर आहे, उत्तराबरोबर पायरीही तपासली पाहिजे. इथे थांबलो तर मी तुमची फसवणूक केल्यासारखं होईल.

पहिली गोष्ट. सगळ्या कर्करोगपेशी मोठ्या नसतात. काही पांढऱ्या पेशींएवढ्याच असतात, आणि काही पांढऱ्या पेशी चांगल्या मोठ्या असतात. वळणाला फक्त आकार कळतो, चारित्र्य कळत नाही. त्यामुळे आतल्या फाट्यातून जे येतं त्यात पांढऱ्या पेशींची भेसळ असतेच. ती पुढे रंग लावून, सूक्ष्मदर्शकाखाली निवडावी लागते. तांदूळ यंत्रातून आले तरी आपण ताटात पसरून निवडतोच ना, तसं.

दुसरी गोष्ट. रक्तातल्या या पेशी मोजण्याची रुग्णालयात वापरायला मान्यता मिळालेली पद्धत २००४ पासून आहे, ती चुंबकाची आहे, वळणाची नाही. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रियांमध्ये ७.५ मिलिलिटर रक्तात ५ किंवा अधिक पेशी निघाल्या तर आजार जास्त जोर धरेल, असा अंदाज तीवरून करतात. म्हणजे उपयोग आहे, पण तो आजार ठाऊक असलेल्याची वाटचाल पाहण्यासाठी. धडधाकट माणसाच्या रक्ताचे चार थेंब घेऊन 'तुम्हाला कर्करोग आहे' किंवा 'नाही' असं सांगण्यासाठी नव्हे. सुरुवातीच्या गाठीतून इतक्या थोड्या पेशी सुटतात, की एका नळीभर रक्तात एकही न सापडण्याचा संभव मोठा. आणि 'सापडली नाही' म्हणजे 'रोग नाही' असा अर्थ होत नाही.

हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतो. रक्ताच्या एका तपासणीत सगळे कर्करोग ओळखून देतो, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. आपल्या घरात म्हातारी माणसं आहेत, मुलं बंगळुरूला नाहीतर बाहेर देशात आहेत, ती काळजीपोटी असं काही मागवतात. ते मागवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. सुईने तुकडा काढायला ते सांगत असतील तर तो काढून घ्या. दादाला माझं दुरुस्त उत्तर दिलं असतं, तेव्हाही शेवटी मला हेच म्हणावं लागलं असतं, "दादा, रक्तातून काढता येतं, पण आज तुझ्यासाठी सुईच खरी." मात्र मी त्याला 'तसं नसतं' म्हणालो आणि त्याचा प्रश्न तिथेच मिटवून टाकला. ते चुकलं. उत्तर कामाचं नसलं तरी प्रश्न बरोबर होता. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला 'तुझा प्रश्न बरोबर आहे' एवढं कळणंही पुष्कळ असतं.

तिसरी गोष्ट आपल्या मंडळासाठी. हा सगळा विषय मी आज तुमच्याशी मराठीत बोललो. तुम्ही नीट ऐकलंत, माना डोलावल्यात. त्यासाठी मला नवे जड शब्द पाडावे लागले नाहीत. रोळणं होतं, पाखडणं होतं, भोवरा होता, चर होता, काठ होता. हे शब्द आपल्या आजीने वापरून वापरून गुळगुळीत केलेले आहेत. पण आपल्या नातवंडांना विचारा, रोळणं म्हणजे काय. शब्द गेला की त्यामागची कृती दिसेनाशी होते, आणि कृती दिसली नाही की तिच्यातलं शास्त्र कोण शोधणार? जोगळेकरांच्या पिढीला नदी पायाखालची होती. आपली स्वर्णरेखा आज नाला म्हणून ओळखली जाते, तिचं वळण बघायला कोण थांबतो?

म्हणून व्याख्यानमालेने दरवर्षी एक व्याख्यान असं ठेवावं अशी माझी सूचना आहे, विज्ञानाचं, पण घरच्या मराठीत. या गावात शिकवणारे डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, प्राध्यापक आहेत, आणि त्यांतले कितीतरी आपल्याच घरांतले आहेत. त्यांना बोलवा. ते म्हणतील, मराठीत कसं सांगू? त्यांना चहाचा कप द्या आणि म्हणा, इथून सुरुवात करा.

आपले पूर्वज दौलतरावांच्या फौजेबरोबर इथे आले. १८१० च्या सुमाराला त्यांचा तळ पडला, तेच पुढे लष्कर झालं. तळ हलायचा होता, पण हलला नाही. आपण इथलेच झालो. इतक्या वर्षांत हिंदी आपल्या बोलण्यात मुरली, पोळीबरोबर ताटात पुरी आली, पण घरी कोणी काही विचारलं तर त्याला मराठीत उत्तर द्यायचं, ही रीत आपण मोडली नाही. तीच रीत धरून मी आज उत्तर द्यायला आलो. उशीर झाला, पण दिलं.

तुमचा चहा एव्हाना निवला असेल. पिण्यापूर्वी एकदा ढवळून बघा. पत्ती मध्यावर आली, तर घरातल्या लहान मुलाला हाक मारा आणि तिच्याकडे बोट दाखवून विचारा, असं का? आणि त्याने उलट काही विचारलं, तर 'तसं नसतं' एवढं मात्र म्हणू नका.